सतरा आडवं

शनिवारचा पेपर आधी लेन गार्बटच्या दारात पडायचा.
माझ्याकडे येईस्तोवर कोड्यावर
कपाच्या बुडाचं तपकिरी वर्तुळ
आणि त्याने भरलेले दोन-तीन शब्द, तेही शाईने.
पेन्सिल म्हणजे आधीच माघार, म्हणायचा.
चाळीस वर्षं टगबोट चालवलेली, हंबरच्या मुखाशी
मोठाल्या जहाजांना दोर लावून धक्क्यापर्यंत आणलेलं;
तिथे म्हणे खोडरबर नसतो.
मी माझी पेन्सिल कार्डिगनच्या बाहीत ठेवायची.

हलच्या इस्पितळात तीस वर्षं
मी डॉक्टरांचं अक्षर वाचलं,
एकाही बाटलीवर चूक उतरू दिली नाही.
आणि या कोडेकाराने, बार्नॅकल म्हणवतो स्वतःला,
पहिल्याच आठवड्यात मला सपशेल गंडवलं.
'फ्लॉवर' लिहिलं होतं.
मी आपली भाजीवर गेले. बटाटा, मटार, वरून ओलं खोबरं.
मग भानावर येऊन डॅफोडिल मोजलं, ट्यूलिप मोजलं,
अक्षरं काही बसेनात.
लेन खोकला लागेपर्यंत हसला.
"जी फ्लो होते ती फ्लॉवर. नदी, बाई, नदी!
ट्रेंट. ऊझ. ही आपली खिडकीतली."

राग आला.
रात्री भांडी विसळताना लक्षात आलं,
आमच्याकडे नदी वाहते
आणि फूलही वाहतोच की आपण.
एका क्रियापदात उरकलेलं काम,
त्याचं यांनी कोडं करून ठेवलंय.

त्यानंतर साध्या वाक्यावरचा भरवसा उडाला.
'मोडका', 'झिंगलेला', 'बेभान' दिसलं
की शेजारची अक्षरं ढवळायची,
वापरण्यापूर्वी बाटली हलवा, तसं.
'म्हणे' दिसलं की डोळे मिटून कान लावायचे.
वाक्य जे सांगतंय असं वाटतं
ते सांगत नसतंच मुळी.
हे लग्नाआधी कुणी शिकवलं असतं तर.

सूड म्हणून मीही मराठीतली घातली त्याला.
जखमेवर लावतात, दोन्हीकडून सारखंच, तीन अक्षरी.
पुठ्ठ्यावर म, ल, म काढून दाखवलं
तर शिरोरेषेवरून बोट फिरवत बसला,
दोर कुठे बांधायचा ते बघत असल्यासारखा.
दुसरं: उलटी वाहिली की गरीब होते. दोनच अक्षरी.
"उलटी? दिवसातून दोनदा वाहते ती,"
तो लगेच म्हणाला. "भरती लागली की पाणी गूलपर्यंत मागे जातं.
यात कोडं कसलं?"
गरीब कशी होते ते समजावेपर्यंत चहा गार झाला.
पण नदी त्याला सुटली होती,
एक अक्षर वाचता येत नसताना.

फेब्रुवारीत लेन गेला.
आता पेपर थेट माझ्याकडे येतो. कोरा, कपाचा डाग नसलेला.
त्याच्या शेवटच्या कोड्यात सतरा आडवं तसंच राहिलंय:
सात घरं, तिसऱ्यात त्याच्या हातचा एक आर,
आणि तो आर चुकीचा आहे अशी मला दाट शंका आहे.
उत्तरं पुढच्या शनिवारी छापून आली.
तेवढं पान मी उलटून ठेवलं.

परवा बसने हेसलला गेले, पुलाखालच्या किनाऱ्यावर.
टेस्कोतलं एक डॅफोडिल, दांड्याला रबरबँड तसाच.
वाहिलं.
भरतीची वेळ मी पाहिली नव्हती.
ते समुद्राकडे जाईना, चहाच्या रंगाच्या पाण्यावरून
आरामात गूलकडे निघालं.
मला हसूच आलं. एक कुत्रेवाला वळून बघत राहिला.

परतीच्या बसमध्ये, इन्फर्मरीच्या थांब्यापाशी, सुचलं.
सतरा आडवं नाही, ते अजून रिकामंच आहे.
जहाज.
ज, हा, ज. दोन्हीकडून सारखंच,
येताना आणि जाताना.
इतकं सोपं, त्याच्याच कामातलं,
आणि मी त्याला मलम घालत बसले.